माघ-फाल्गुनातली रानाची शिदोरी

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, असं आमच्याकडे म्हणतात. नागपुरात ते बहुतेक वेळा खरंही ठरतं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहाटे अंगावर शाल लागते आणि मार्च उजाडला की दुपारचं ऊन डोक्यात शिरतं. या मधल्या दिवसांत रामटेक, देवलापार किंवा उमरेडच्या रस्त्याने निघालं तर दोन्ही बाजूंचं जंगल उजाड दिसतं. सागाची पानं गळालेली, गवत पिवळं पडून मोडलेलं, नाल्यांत कुठे कुठे डबकी उरलेली. अशा रानात माणसाला खायला काय मिळणार, असं शहरातल्या माणसाला वाटतं. रानभाजी म्हटलं की त्याला आषाढ-श्रावण आठवतो: तरोटा, कुडा, बांबूचे वास्ते, टेकोडे. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास भरतात, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो.

ज्यांची घरं जंगलाला लागून आहेत त्यांचं वेळापत्रक वेगळं आहे. गोंड, गोवारी, ढिवर आणि इतर कितीतरी घरांत वर्षातली सगळ्यात मोठी वेचणी याच उतरत्या थंडीत सुरू होते. पावसाळ्यातलं अन्न जमिनीतून वर येतं, हे मात्र झाडावरून खाली येतं. बहुतेक वेळा ते आपणहून पडतं, फांदी मोडावी लागत नाही की मूळ उपटावं लागत नाही. विदर्भातल्या रानाची ही बाजू फार कमी लिहिली गेली आहे, म्हणून हा लेख.

जमीन इतकी कोरडी असताना झाडं फुलतात कशी, हा पहिला प्रश्न. नागपूरला वर्षाकाठी साधारण १,००० ते १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडाला साठवलेल्या पाण्यावर काढायचे असतात. गवत आणि छोट्या वनस्पती वरच्या वीतभर मातीतलं पाणी पितात, ते दिवाळीनंतर आटत जातं. मोह, सावर, पळस, तेंदू यांची मुळं खोल जातात. ही झाडं थंडी सरताना पानं टाकून देतात, त्यामुळे पानांवाटे उडून जाणारं पाणी वाचतं आणि तेच पाणी फुलांच्या कामी येतं. पानांचा आडोसा नसल्याने फुलं लांबून दिसतात, पक्ष्यांना आणि वटवाघळांना शोधावी लागत नाहीत. शिवाय हिशेब पुढच्या पावसाचा असतो. आत्ता फूल आलं तर मे-जूनमध्ये बी पिकतं आणि मृगाच्या पहिल्या सरींत रुजतं. मोहाचं बी तर फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची ताकद कमी होते. झाडाने फेब्रुवारी-मार्च निवडला आहे तो त्या बीसाठी.

या हंगामाची सुरुवात डोळ्यांना दिसते ती सावरीने. काटेसावर, आमच्याकडे नुसती सावर. पान एक नाही आणि सगळं झाड लालभडक मांसल फुलांनी भरलेलं. मैना, कावळे, सातभाई, कोतवाल यांची त्या फुलांतल्या मधासाठी दिवसभर भांडणं चालतात. खाली पडलेली फुलं चितळं खातात, आणि माणूस खातो तो फुलाच्या बुडाशी असलेला जाड हिरवा पेला. न उमललेल्या कळ्याही चालतात. पाकळ्या आणि केसर काढून पेला चिरायचा, एक उकळी द्यायची, पाणी टाकायचं आणि कांदा-लसूण-तिखटात परतायचा. किंचित चिकट, पण चव चांगली असते. त्याच सुमाराला कांचन फुलतो, त्याच्या कळ्यांचीही भाजी होते. कळी घट्ट असतानाच घ्यावी लागते, उमलली की चव जाते. पळस मात्र पाहण्यासाठी आणि होळीच्या रंगासाठी. त्याच्या फुलांचं सरबत करतात, पण पोटाला त्याचा आधार नाही.

पोटाचा आधार म्हणजे मोह.

मोह हा चिकूच्या आणि बकुळीच्या कुळातला. बकुळीची फुलं पहाटे झाडाखाली अख्खीच्या अख्खी पडलेली आपण वेचतो, मोहाचंही तसंच. फेब्रुवारीच्या शेवटी त्याची पानं गळतात आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे झुबके लटकतात. मार्चमध्ये रात्री त्या उमलतात. रात्रभर झाडावर वटवाघळांची वर्दळ असते, वासही दूरवर जातो, गोड आणि थोडा उग्र. पहाट होताना फुलं गळू लागतात आणि ऊन चढेपर्यंत गळत राहतात. जे पडतं ते फूल म्हणजे पाकळ्यांची एकमेकींना जोडलेली, रसाळ, फिकट पिवळी, बोराएवढी गोल वाटी. पुंकेसर त्या वाटीलाच आतून चिकटलेले असतात, म्हणून तेही तिच्याबरोबर खाली येतात. झाडावर मागे राहतो तो बीजांडकोश आणि त्याची लांब काडी. फळ धरायला लागणारं सगळं वरच राहिलेलं असतं. म्हणजे माणसाने खालची फुलं सगळी वेचून नेली तरी झाडाचं एक फळ कमी होत नाही. दोन-अडीच महिन्यांनी त्याच झाडावरून फळं पडतात, त्यांच्या बियांना टोळी म्हणतात, त्यांचं तेल निघतं आणि ते थंडीत गोठतं. फुलाने एकदा, फळाने दुसऱ्यांदा, असं एकच झाड एका उन्हाळ्यात दोन पिकं देतं.

वेचणी पाहिली तर कळतं की हे काम फुरसतीचं नाही. घरातली बाई, पोरं, म्हातारी माणसं अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात. उशीर झाला तर गुरं आणि चितळं फुलं खाऊन जातात. वाकून, बसून, सरकत सरकत एकेक फूल बोटांनी उचलायचं, त्यात वाळकी काडी किंवा खडा येऊ द्यायचा नाही. घरी आणून अंगणात सारवलेल्या जागेवर पसरायचं. पहिल्या दिवशी फिकट पिवळं असलेलं फूल चार-पाच दिवसांच्या उन्हात आकसतं, लालसर तपकिरी होतं, मनुक्यासारखं चिवट लागतं. नीट वाळलेल्या मोहाच्या वजनात अर्ध्याहून जास्त साखर असते. एकदा वाळवून ठेवला की वर्षभर राहतो, फक्त ओल लागू द्यायची नाही. म्हणूनच मार्चमधल्या अवकाळी पावसाची आणि गारपिटीची जितकी धास्ती गहू-हरभऱ्याच्या शेतकऱ्याला असते तितकीच मोह वेचणाऱ्यालाही असते. एका पावसात अंगणातला सगळा माल काळा पडून आंबतो.

गोंड गावांत मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात, मग ती जंगलात का उभी असेनात. अमुक झाड अमुक घराचं, हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि ते वारशाने पुढे जातं. लग्नाच्या मांडवाला मोहाची डहाळी लागते. नवीन मोह तोंडात घालण्याआधी गावाची पूजा होते. नव्या पिकाच्या, नव्या फळाच्या अशा सणांना गोंडीत पंडुम म्हणतात, आणि पंडुम होईपर्यंत ते फळ खायचं नाही हा नियम अजून कितीतरी गावांत पाळला जातो. या नियमाचा झाडाला फायदा होतो. कच्चं फळ ओरबाडलं जात नाही, सगळ्या घरांना एकाच वेळी सुरुवात मिळते. नागपूर शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, १७०२ च्या सुमारास. त्याच नागपुरात आज मोह म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त दारूची बाटली येते, याचं मला वाईट वाटतं.

दारू होते हे खरंच आहे. साखर भरपूर असलेलं फूल आंबवलं की दारू होणारच. पण कायद्याने आणि समाजाने त्या एका उपयोगावरून सगळ्या फुलाला आरोपी केलं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याखाली मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं, विकणं या सगळ्यावर परवाने आणि मर्यादा आल्या. स्वतःच्या खाण्यासाठी दोन पोती मोह घरात ठेवणाऱ्या माणसालाही मग भीती. राज्य सरकारने हे निर्बंध २०२१ साली उठवले. तोवर दोन-तीन पिढ्यांच्या मनात मोहाची पोळी ही लपवायची गोष्ट झाली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांतातल्या हजारो कुटुंबांना मोहाने जगवलं. त्या काळात सरकारला आपली राखीव जंगलं खाण्याच्या वस्तू गोळा करायला खुली करावी लागली होती. त्याआधी १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरच्या पुस्तकात जेम्स फोर्सिथ या वनाधिकाऱ्यानेही मोहाचं हे अन्न म्हणून असलेलं महत्त्व नोंदवलं आहे. जुन्या इंग्रज अधिकाऱ्याला जे दिसत होतं ते आपल्याला स्वातंत्र्यानंतर दिसेनासं झालं.

मोहाच्या हंगामाला दोन कठीण बाजू आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एक वणव्याची. पाचोळ्यात पडलेलं फूल दिसत नाही, म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवून जागा साफ करतात. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतो, त्याची सुरुवात आणि मोहाची सुरुवात एकच. एका झाडाखालची आग वाऱ्याने पसरली की अख्खी टेकडी जळते आणि त्यात पुढच्या पंचवीस वर्षांचे मोह, चारोळी, तेंदू रोपटी असतानाच मरतात. उपाय अवघड नाही. खराट्याने झाडाखाली झाडून घेणं हा जुना आणि साधा मार्ग, आणि झाडाखाली जाळी बांधून फूल जमिनीवर पडूच न देणं हा नवा. जाळीवरचं फूल स्वच्छ असतं, त्याला भावही बरा मिळतो.

दुसरी बाजू वाघाची आणि अस्वलाची. अस्वलाला मोह प्राणापलीकडे आवडतो आणि त्याची यायची वेळ तीच, पहाटेची. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या जिल्ह्यांत मोह आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसं मरतात. वाकून किंवा उकिडवं बसून काम करणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, आणि अंधुक उजेडात तर नाहीच. वन विभाग सांगतो की ऊन पडल्यावर जा, एकट्याने जाऊ नका, आवाज करत राहा. बरोबर आहे. पण ऊन पडेपर्यंत थांबलं तर फुलं चितळांनी संपवलेली असतात, आणि ज्या घराचे पावसाळ्यापर्यंतचे पैसे त्या टोपलीत आहेत त्याला हा सल्ला पाळणं किती जड जातं हे शहरात बसून कळत नाही.

बाकीची फळं या मानाने सोपी. बोरं संक्रांतीपासूनच चालू असतात, फेब्रुवारीत शेवटची गोल रानबोरं वाळून सुरकुततात तेव्हा ती सगळ्यात गोड लागतात. त्यांचं बोरकूट करून ठेवतात. संत्र्याच्या गावात हे सांगणं धाडसाचं आहे, पण क जीवनसत्त्वाच्या बाबतीत बोर संत्र्यापेक्षा उणं नाही, आवळा तर दोघांच्याही कितीतरी पुढे. शिवरात्रीला कवठ येतं. ते पिकलं की नाही हे पाहायला जमिनीवर टाकून बघायचं: उसळी मारलं तर कच्चं. गुळाबरोबर त्याची चटणी उपासाला चालते. चिंच मार्चमध्ये झोडपतात. धावड्याचा डिंक उन्हं वाढली की सालीवर पाझरून वाळतो आणि तो खरवडून घेतात. आपल्या डिंकाच्या लाडवातला डिंक कुठल्या झाडाचा, हे किती घरांत ठाऊक असतं?

त्याच लाडवात पडणारी गोडंबी मात्र मला थांबून सांगायची आहे, कारण रानातलं अन्न आणि रानातलं विष एकाच फळात किती जवळ असू शकतं याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बिब्बा आंबा, काजू आणि चारोळीच्या कुळातला. त्याचं फळ थंडीत पिकतं आणि काजूसारखंच दोन भागांचं असतं. वर मांसल, पिवळा-नारिंगी, गुळगुळीत भाग. तो खरं तर देठच, फुगलेला. त्याला बिब्ब्याचं फूल म्हणतात. आणि त्याच्या टोकाला चिकटलेली काळी, चपटी, बदामाच्या आकाराची बी. फूल भाजून किंवा उन्हात वाळवून खातात, तुरट-गोड लागतं, जंगलातल्या पोरांचा हा थंडीतला खाऊ. कच्चं खाल्लं तर घसा धरतो. बीच्या कवचात मात्र काळं, जाड तेल असतं. परीट पूर्वी कपड्यांवर खूण करायला तेच वापरत, कारण ते धुतलं तरी जात नाही. कातडीला लागलं की फोड येतात, सूज चढते, दिवस न् दिवस आग होते. यालाच बिब्बा उतणं म्हणतात. कुणाला थेंबाने होतं, कुणाला नुसत्या धुराने. विदर्भात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांची बोटं पाहिली तर या तेलाने काळी पडलेली, सोललेली दिसतात. राख किंवा चुना लावून त्या बी फोडतात, आतला पांढरा गर अलगद काढतात. दुकानात पांढरीशुभ्र गोडंबी पाकिटात मिळते त्यामागे हे हात असतात. हा उद्योग नवशिक्याने घरी करून पाहायचा नाही.

आता जंगलातून खाली वावरात उतरू. रब्बीच्या वावरात, विशेषतः ओलिताच्या, या दिवसांत जमिनीलगतही खाण्यासारखं काही मिळतं. गव्हात चाकवताचा रानटी भाऊ बथुआ उगवतो, त्याची पानं खालून पीठ भुरभुरवल्यासारखी पांढरट. वरण घालून किंवा ताकात, दोन्ही प्रकारे चांगला. बांधावर पाथरी असते. जमिनीला चिकटून पसरलेली दातेरी पानं, तोडली की पांढरा चीक. ही कच्चीच भाकरीबरोबर खातात, वर कांदा आणि तिखट-मीठ. मार्च लागला की पाटाच्या ओलाव्यावर चिवळ पसरू लागते. बारीक मांसल पानांची ही भाजी विदर्भाची खास आवडती. निवडायला वेळखाऊ, माती सोडता सोडत नाही, चार पाण्यांनी धुवावी लागते, पण मुगाची डाळ घालून केलेली मोकळी चिवळ आणि ज्वारीची भाकर हे जेवण उन्हाळ्याच्या तोंडावर पोटाला थंड पडतं. बथुआ आणि पाथरी मात्र दरवर्षी कमी होत चालल्या आहेत, कारण त्यांना वावरात तण म्हणतात आणि तणनाशक सगळ्यांना सारखंच मारतं. फवारणी झालेल्या वावरातलं काहीही खुडू नये, आणि शहराच्या सांडपाण्यावर भिजणाऱ्या जागेतलंही नाही. भाजी ओळखता येणं जितकं महत्त्वाचं तितकंच ती कुठल्या पाण्यावर वाढली हे विचारणंही.

पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत उरलेल्या ओलीवर लाख, म्हणजे लाखोळी, उगवते. तिचे कोवळे शेंडे खुडून केलेली भाजी थंडीत घरोघर होते. लाखोळी पेरलेली असते, रानटी नव्हे, पण विषाचा हिशेब समजून घ्यायला तिच्याकडे पाहावंच लागतं. तिच्या दाण्यात मज्जासंस्थेला घातक असं एक अमिनो आम्ल असतं. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की आपल्या उत्तरेला, सागरच्या बाजूला, १८२९ नंतर गव्हाची पिकं बुडाली, लोकांनी महिनोन् महिने ही डाळच मुख्य अन्न म्हणून खाल्ली आणि कितीतरी तरुण माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी आणली. ती बंदी उठावी म्हणून नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. त्यांचं म्हणणं होतं की इतर धान्याबरोबर, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेली लाखोळी माणसाला पांगळं करत नाही. कमी विषाच्या जातीही पुढे निघाल्या, 'रतन' ही त्यातली एक. सगळ्याच रानाच्या अन्नाला लागू पडणारी गोष्ट इथे दिसते: एखादी वनस्पती खाण्याजोगी आहे की नाही हे किती खाल्ली, किती दिवस खाल्ली आणि कशी शिजवली यावर ठरतं.

कंदांचंही तेच. कडूकंदासारखे रानकंद कच्चे खाल्ले तर जीभ आणि पोट दोन्ही धरतात. जाणकार ते चिरून राखेच्या पाण्यात उकळतात, वाहत्या पाण्यात ठेवतात, चव घेऊन बघतात, मगच खातात. आणि उतरत्या थंडीत त्यांची ओळख पटवणं फार कठीण, कारण वेलाची पानं झडून गेलेली असतात. जमिनीत शिरणारी एक वाळकी काडी तेवढी दिसते. जे लहानपणापासून त्या वेलाच्या पानांवर, काट्यांवर, पिळावर नजर ठेवत आले आहेत त्यांनाच ती काडी कुठल्या कंदाची हे कळतं. मारुती चितमपल्लींनी नवेगाव, मेळघाटच्या जंगलांत नोकरीच्या काळात आदिवासींकडून जे ज्ञान टिपून ठेवलं त्याचं मोल अशा वेळी कळतं. १८ जून २०२५ ला ते गेले. त्यांनी ज्यांच्याकडून शिकून घेतलं ती पिढीही आता संपत आली आहे.

राहिली अळिंबी. नागपूरकडे टेकोडे, गडचिरोलीत सात्या. युरोपातल्या थंड, ओल्या जंगलात हिवाळ्यातही काही खाण्याच्या अळिंब्या मिळतात, आपल्याकडे त्या शोधत फिरण्यात अर्थ नाही. टेकोडे वाळवीच्या वारुळातून येतात. वाळवी जमिनीखाली पाचोळ्याच्या, लाकडाच्या चोथ्यावर ही बुरशी पोसते, तिच्यावरच जगते. पावसाने वारूळ भिजलं, हवा दमट झाली की त्या बुरशीचा लांब मुळासारखा देठ माती फोडून वर येतो आणि छत्री उघडते. फेब्रुवारीत वारुळाच्या आत बुरशी जिवंत असते, पण वर यायला लागणारी ओल नसते. लाकडावर कडक, फळीसारख्या बुरशा वर्षभर दिसतात, त्या खाण्याच्या नाहीत. या दिवसांत अळिंबी खायचीच तर गव्हाच्या किंवा भाताच्या काडावर वाढवलेली धिंगरी बाजारात मिळते, ती घ्यावी. आणि पावसाळ्यासाठी आत्ताच सांगून ठेवतो: चांदीचं नाणं काळं पडलं की अळिंबी विषारी, लसूण टाकून रंग बदलला की विषारी, किडे खातात म्हणजे चांगली, हे तिन्ही समज साफ खोटे आहेत. पहिल्या पावसात शहरातल्या हिरवळीवर उगवणारी पांढरी, देखणी, मोठी छत्री, जिच्या खालच्या पापुद्र्यांना वय झालं की हिरवट छटा येते, ती खाऊन दरवर्षी कुठे ना कुठे माणसं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात.

शहरातल्या माणसाने मग काय करावं? पेंच किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या हद्दीत शिरून काही गोळा करू नये, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ते करू देत नाही. जंगलातल्या गौण उपजावर पहिला हक्क तिथे राहणाऱ्यांचा आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तो लेखी मान्यही केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाची ग्रामसभा स्वतःच्या जंगलाचा कारभार स्वतः पाहू लागली. आपला हक्क नाही, आणि हौस म्हणून एका रविवारी वीस गाड्या एका सावरीखाली पोचल्या तर त्या सावरीचं आणि तिच्यावर जगणाऱ्यांचं नुकसानच होतं. चारोळीचं काय झालं ते पाहावं. चारोळीला भाव आला, मग पिकायची वाट न पाहता फळं ओरबाडली गेली, वर चढायचा त्रास नको म्हणून फांद्याच तोडल्या गेल्या, आणि जिथे चारोळीची झाडं ढिगाने होती तिथे ती आता शोधावी लागतात.

विकत घ्यावं, हा चांगला मार्ग आहे. देवलापार, रामटेक, पवनी, भिवापूरच्या आठवडी बाजारात मार्चपासून मोह, चिंच, बोरकूट, डिंक, चिवळ घेऊन बायका बसतात. भाव करू नये. भाजी कुठून आणली, कशी करतात, कशाबरोबर खातात हे विचारावं. त्या मनापासून सांगतात, आणि पुस्तकात नसलेलं बरंच काही त्या पाच मिनिटांत कळतं.

मोह घेतला तर वाळलेला, कोरडा, आंबूस वास नसलेला घ्यावा. घरी हातावर चोळून आतले वाळके केसर पाखडून टाकावेत, दोन पाण्यांनी धुऊन कापडावर पूर्ण सुकवावा. मग लोखंडी कढईत मंद आचेवर, फूल फुगून खमंग वास सुटेपर्यंत भाजावा. तेवढेच तीळ वेगळे भाजावेत. दोन्ही गरम असतानाच खलबत्त्यात कुटावं. मिश्रण आपोआप चिकट होतं आणि लाडू वळतात. गूळ घालावा लागत नाही.